गाळा नंबर चौदा आणि आमची गिरण

मुलुंड, बुधवार

प्रिय सुबोध,

अठरा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. मी शुभा. आपल्या 'उपद्व्याप' बँडची ड्रमर, तू ताल सोडलास की मागून स्टिक फेकून मारणारी. फोन केला असता तर दुसऱ्या मिनिटाला आपण भांडलो असतो, आणि मला सगळं बोलायचंय. मध्येच तोडायची तुझी सवय मला चांगली माहितीये. आता तोडून दाखव.

आधी बातमी. आमच्या अप्पांची पिठाची गिरण आठवते ना? कापडगिरणी बंद पडल्यावर अप्पांनी मुलुंडला घातली होती ती. अप्पा चार वर्षांपूर्वी गेले. त्याच्या आधीच लोक तयार पिठाची पाकिटं आणायला लागले होते, गिऱ्हाईक उरलं नव्हतं. भाऊ म्हणाला, केकच्या दुकानाला भाड्याने देऊया. मी म्हटलं, दे, माझ्या मढ्यावरून दे! जाती काढली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, त्यावर फळ्या मारल्या आणि हॉल केला. साठ माणसं मावतात, कोंबली तर सत्तर. दर रविवारी दुपारी चार ते संध्याकाळी आठ रॉक. आठ म्हणजे आठ, एक मिनिट वर नाही. स्वरदा म्हणून एक मुलगी येते, आठवडाभर लोकांच्या दाढा काढते आणि रविवारी अशी काही किंचाळते की तू कान पकडशील. पहिल्या शोला बेस गिटार घुमली आणि वाशांवर वर्षानुवर्षं साठलेलं पीठ आमच्या डोक्यावर आलं. सगळे पांढरेफटक होऊन बाहेर पडलो. आई दारातच उभी होती, म्हणाली, मेल्यांनो, भुतां दिसतास! आणि मग स्वतःच पदरानं एकेकाचं तोंड पुसत बसली. नाव आम्ही बदललं नाही. 'गिरण'च.

तर त्या गिरणीवर आता तक्रार झालीये. मागे नवा टॉवर झालाय, तिथल्या एकवीस जणांनी सह्या करून अर्ज दिलाय. येत्या सोमवारी अकरा वाजता वॉर्ड ऑफिसात सुनावणी आहे. साहेबांना पटलं तर त्याच दिवशी गिरणीला कुलूप. मला झोप नाही, जेवण जात नाही, आणि सारखा आपला साकीनाक्याचा गाळा डोळ्यांपुढे येतोय.

काय दिवस होते रे! गाळा नंबर चौदा. सहा दिवस अंबादासकाकांचं वर्कशॉप, रविवारी सुट्टी, म्हणून रविवारी आपण. दुपारी जाऊन लेथवर ताडपत्री टाकायची, फरशीवरचा लोखंडाचा कीस झाडायचा, तरी घरी गेल्यावर चपलेत दोन-चार तुकडे निघायचेच. तेलाचा वास केसांतून मंगळवारपर्यंत जायचा नाही. आणि ती अर्थिंगची बोंब! माइकला ओठ लागला की तुला शॉक बसायचा. शेवटी तू पार्ल्याहून आईचा जेवणाचा पाट घेऊन आलास आणि त्यावर उभा राहून गायला लागलास. मुंजीतल्या बटूसारखा दिसायचास आणि वर जगाला आग लावायची भाषा करायचास. मी मागे बसून हसायचे आणि तुझ्यावर मरायचे. ते तुला माहीत होतं, उगाच साळसूदपणा नको.

खंडेनवमी आठवते? तू तारीख ठरवलीस, पोस्टर लावलीस, आणि कॅलेंडर बघायचं आपल्यापैकी एकालाही सुचलं नाही. आपण पोचलो तर लेथला झेंडूचा हार, ड्रिलला हार, आणि शेजारी माझ्या ड्रमला, तुझ्या गिटारीला, अ‍ॅम्प्लिफायरलासुद्धा हळदकुंकू. काकांनी पूजा मांडली होती. म्हणाले, आज हत्यारांना हात नाही लावायचा, उद्यापर्यंत त्यांची विश्रांती. तू म्हणालास, काका, मी देव मानत नाही. काका म्हणाले, नको मानूस, हत्यार तर मानतोस ना? बाहेर शंभर माणसं उभी! वाट लागली होती आपली. मग मी कोपऱ्यातला तेलाचा रिकामा डबा दाखवला आणि विचारलं, हे हत्यार का? काकांनी चष्मा वर करून नीट बघितलं आणि निकाल दिला, ते भंगार. झालं! मी डबा बडवला, तू माइकशिवाय घसा फोडलास, शंभर माणसांनी पाय आपटून ठेका धरला. आपण एवढं झकास पुन्हा कधीच वाजवलं नाही. नंतर काकांनी सगळ्यांना प्रसादाच्या साखरफुटाण्यांची मूठमूठ दिली, ती कानात शिट्टी वाजत असताना खाल्ली.

त्या काळात गाळा एकटा नव्हता. अंधेरीत पेट्रोलपंपामागचं ते तळघर होतं, तिथे इतकं उकडायचं की तारा सैल पडायच्या. बोरिवलीला लग्नाचा हॉल होता, तिथे वधूवरांच्या सिंहासनापुढे उभं राहून आपण गायलो. तळघरात आता गाड्या लागतात आणि हॉलचं हॉस्पिटल झालंय. लोक ऑनलाइन त्यांचे फोटो टाकतात आणि खाली लिहितात, गेले ते दिवस. मला डोक्यात तिडीक जाते. दिवस काय पाय फुटून गेले? आपण जाऊ दिले.

गाळ्याचंच बघ. समोर काचेची बिल्डिंग आली, आवाजाची तक्रार झाली, काकांना कागद आला. काकांना वाचायला जमायचं, बोलायला नाही. त्यांनी आपल्याला विचारलं, पोरांनो, शुक्रवारी माझ्याबरोबर वॉर्ड ऑफिसात येता का, दोन शब्द बोला माझ्या बाजूने. आपण सगळे हो म्हणालो. त्या शुक्रवारी तुझा बंगळुरूच्या नोकरीचा इंटरव्ह्यू होता. आणि मी? मला काही नव्हतं. मी अप्पांना घाबरून गिरणीत गहू निवडत बसले. ऑफिसात नाव नोंदलं गेलं तर मुलीचं लग्न कसं जमायचं, असं अप्पा म्हणाले आणि मी ऐकलं. काका एकटे गेले, एकटे परत आले. रविवारी आपण पोचलो तर ताडपत्री घडी करून ठेवलेली. काकांनीच सामान उचलायला मदत केली आणि रिक्षा आणून दिली. मला अजून त्याची लाज वाटते, सुबोध. लग्न तसंही जमलं नाही, ती गोष्ट वेगळी.

म्हणून या वेळी मी गप्प बसणार नाहीये. सल्ला द्यायला सगळी दुनिया पुढे. भाऊ म्हणतो, तिथे झुंबा चालू कर. शेजारच्या शकुमावशी म्हणतात, भजनाला दे, भजनावर कोण तक्रार करेल? मी म्हटलं, मावशी, तुमच्या भजनाच्या झांजांपुढे माझे ड्रम लाजतात. मागची भिंत मी दुहेरी करून घेतलीये. आवाज मोजायचं यंत्र आणून दर रविवारी गेटवर, गल्लीत, टॉवरच्या कुंपणाशी आकडे लिहिलेत. नियमात आहोत. सोमवारी वही घेऊन जाणार आणि जे आहे ते मीच बोलणार, आईसुद्धा येतेय. कुलूप लागलं तर अपील करीन. तिथेही हरले तर ठाण्यात जागा शोधीन. चव्वेचाळीस वर्षांची आहे, गुडघा दुखतो, पण बेस ड्रमचं पेडल त्याच पायाने मारते.

आता तुलाच का लिहिलं ते सांगते. काल अर्जाची प्रत हातात आली. मजकूर वाचला, 'असह्य गोंगाट', 'सुसंस्कृत वस्तीला अशोभनीय', वगैरे. मग सह्या बघत गेले. सातवी सही तुझी. फ्लॅट पंधराशे दोन. तू मुंबईत परत आलायस हेच मला ठाऊक नव्हतं, आणि राहायला आलास तो माझ्या पाठीमागे! आधी राग आला, असा की हातातला कप आपटला. मग खूप वाईट वाटलं, ते अजून वाटतंय. पण सही मागे घे म्हणून हे पत्र नाही, ती भीक मी मागणार नाही. एवढंच सांगायचंय की अर्जावर सही करून लिफ्टने वर निघून जायचं, असं या वेळी चालणार नाही. सोमवारी तक्रारदारांनाही बोलावलंय. ये. माझ्या आणि आईच्या समोर उभा राहा आणि साहेबांना सांग की हा गोंगाट आहे. त्याआधी रविवार येतो. चार वाजता आम्ही वाजवणार आहोत. तुझ्या फ्लॅटची खिडकी मला ड्रमवर बसल्या जागेवरून छपरातल्या काचेतून दिसते, कालच बघून ठेवली. ती लावून घेतलीस तर मला कळेल. आणि खिडकी उघडी ठेवून खाली आलास, तर तेही कळेल.

पत्र पोस्टात टाकत नाही, तुमच्या वॉचमनकडे देऊन येते.

एवढं होऊनही तुझीच,
शुभा