पाहुण्याचं पाणी

३ मार्च
आज लिहू, उद्या लिहू करत होळी जवळ आली! रायपूरच्या कामावरून गावी परतलो तेव्हाच लिहायचं होतं. पेन सापडत नाही, हा बहाणा. नदी पाहिली आणि हातच चालला नाही.

आंभोऱ्याला पाच नद्या एक होतात. वैनगंगा बरी येते, कन्हान शहराचं सांडपाणी घेऊन येते — काळं. पुढं धरण, म्हणून आमच्या गावापाशी सगळं तुंबलेलं. वास, हिरवी साय. बाबाच्या जाळ्यात मासोळीपेक्षा जलपर्णी जास्त. आणि गाव तेच पितं.

मागच्या साली ममताताई बाळंतपणाला माहेरी आली. बाळ पोटातच गेलं. डॉक्टरनं एवढंच विचारलं — "पाणी कुठलं पिता?" तेव्हापासून बाबा मुका. आम्ही ढिवर, नदीवर जगणारे. त्याला काय वाटलं असेल!

ताई परत पोटुशी आहे. फोनवर म्हटलं, पाणी तपासून घेतो, तोवर येऊ नको.

७ मार्च
कॉलेजच्या शुभांगी मॅडम पाणी तपासणीसाठी घरी आल्या. बाटली दिली. "नदीचं पाणी भरून ठेवा, संध्याकाळी नेते." मी बाटली बाबाकडे दिली न् दोस्ताच्या गाडीवर साकोलीकडे पळालो — रस्त्यात रानगवे दिसतात म्हणे. एक नाही दिसला. समोसा बरा होता.

१५ मार्च
रिपोर्ट आला. पाणी पिण्यालायक!!

सरपंच आनंदराव चौकात सगळ्यांसमोर — "का बे रिंकू, नळ पायजे होता ना तुले? आता नदीलेच तोटी लाव!" गावाच्या ग्रुपवर रिपोर्टचा फोटोही टाकला. मी दिलेला नळाचा अर्ज गेला कचऱ्यात.

बाबा मात्र हसला. वर्षानं त्याचे दात पाहिले. "म्हनत होतो ना, माही नदी असं नाही करत."

मला काही पटेना. नाक तर माझंही आहे.

१६ मार्च
विचारलं शेवटी. "बाबा, बाटली कुठून भरली?"
"टेकडीखालून. डोंगा वल्हवत नेला, झऱ्याचं भरलं. झराबी नदीचाच ना."
"काहून पन?"
"काहून म्हन्जे? बाई घरी येऊन पानी मांगते, तिले घाटावरचं देऊ? बाटलीबी राखेनं घासली तुह्या मायनं."

खरंच आहे. आमच्या घरी पाहुण्याच्या पाण्याचा गुंड वेगळा, तो झऱ्याच्या पाण्यानंच भरतो बाबा. आजोबाही तेच करायचे. यात त्याला काही चुकलं असं वाटतच नाही.

तोंडाशी आलं — मंग ताईले कायले नाही दिलं? ताई पाहुणी थोडीच. घरची. ती घाटावरचंच प्यायली.

१७ मार्च
मॅडमला फोन लावायचा, खरं सांगायचं. ताईलाही. मोबाईल हातात घेतला. बाबा अंगणात जाळं सांधत गुणगुणत होता. मोबाईल ठेवला.

१९ मार्च
आजही नाही.

२१ मार्च
आत्ता दुपारच्या एसटीनं ममताताई आली! कोणाला न सांगता. भाऊजीच्या फोनवर रिपोर्ट दिसला म्हणे — बाळंतपण इथंच. माय रडून राहिली, बाबानं बॅग खांद्यावर घेतली. मी आतल्या खोलीत, हे लिहीत.

ताई हाका मारून राहिली — "रिंक्या, कुठं लपला बे? पानी आन ना!"