व्हर्लिनची रोपवाटिका

लिंडल, साउथ डकोटा
१५ सप्टेंबर २०२४

चि. व्हर्लिन यास,
आर्डिसचे अ. आ.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. या वर्षी झुकिनीला ऊत आला आहे. गाडीला कुलूप न लावता चर्चमध्ये गेलं की परत येईपर्यंत मागच्या सीटवर कोणीतरी दोन-चार टाकून गेलेलं असतं. त्या मी रात्री दुसऱ्याच्या पायरीवर ठेवून येते. गावात त्याच त्याच झुकिन्या फिरत असाव्यात असा मला संशय आहे.

आता कामाचं. वसंतात हार्लन मो वारला, हे तुला कळवलंच होतं. चर्चची लुटेफिस्कची पंगत सात डिसेंबरला ठरली आहे आणि मासा उकळायला माणूस नाही. क्षारात फुगवलेला मासा मिनिटभर जास्त राहिला की त्याची खळ होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते मिनिट ओळखणारा हार्लन होता, आणि त्याच्याआधी तू होतास. ऑर्व्हिल हॉगन सध्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. तो स्वतः घरी आला आणि म्हणाला, व्हर्लिनला विचार, एवढी पंगत सांभाळून दे म्हणावं. मी हो म्हणून बसले. तुझी कॉनी वारल्यापासून तू तिकडे एकटा आहेस. पंगत झाल्यावर लगेच परतू नकोस, हिवाळाभर वरच्या खोलीत राहा. खोली झाडून ठेवली आहे.

एक अडचण तुला ठाऊक आहेच. तू कोलोरॅडोत रोपवाटिकेत कामाला आहेस असं मी इथे सांगितलेलं आहे. गांजाच्या दुकानाच्या दारात निळ्या स्टुलावर बसून लोकांची वयं तपासतोस, हे तू पहिल्याच वर्षी लिहिलं होतंस. तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून ते निळं स्टूल हलत नाही. पण गावात मी ते कसं सांगणार? त्यातही गांजा खुला करायचा की नाही यावर नोव्हेंबरात पुन्हा मतदान आहे. चार वर्षांपूर्वी लोक हो म्हणाले तर कोर्टाने ते रद्द केलं. दोन वर्षांपूर्वी लोकच नाही म्हणाले. आता तिसऱ्यांदा विचारताहेत. ऑर्व्हिलने गावभर 'नाही'च्या पाट्या ठोकल्या आहेत. एक माझ्या हिरवळीवरही ठोकली, न विचारता. हातात हातोडी घेतलेल्या माणसाला काय बोलायचं म्हणून मी त्याला कॉफी दिली.

लवकर कळव. माया आहेच, ती मैलांवर मोजू नकोस.

तुझी,
आर्डिस

---

हॅरो, कोलोरॅडो
२४ सप्टेंबर २०२४

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून बरं वाटलं. हार्लनचं कळल्यापासून पंगतीचं माझ्याही मनात येत होतं. ते मिनिट घड्याळात नसतं, मासा हलवताना हाताला कळतं. माझा हात अजून विसरलेला नाही. यायला मला फार आवडेल, आणि हिवाळा तिथे काढायलाही. इथे संध्याकाळी घरी आलं की रेडिओशिवाय कोणी बोलत नाही.

नोकरीविषयी तू काळजी करतेस तितकं त्यात काही नाही. सकाळी दुकान उघडलं की दारात बसायचं, लायसन्स बघायचं, वय भरलं असेल तर आत सोडायचं. शनिवारी गर्दी असते. म्हातारीकोतारीच जास्त. बियाण्याच्या कंपनीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेले शेतकरी येतात. परवा एकजण म्हणाला की मी बायकोसाठी आलोय, तिला झोप नाही. बायको गाडीतून उतरून आली आणि तिने सांगितलं की ती नवऱ्यासाठी आली आहे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. आपल्या साउथ डकोटाच्या गाड्याही येतात. नंबरपाटीवर जिल्ह्याचा आकडा आधी असतो, त्यामुळे कुठून आले ते मला वाचावं लागत नाही. पण कोण आलं, कोण गेलं हे बाहेर सांगायचं नाही, ही दारावरच्या माणसाची रीत आहे. मी ती पाळतो.

मी स्वतः एकदाच चाखून पाहिलं. अख्खी फुटबॉलची मॅच झोपेत गेली, आणि त्या दिवशी आपला संघ जिंकला. पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. तेव्हा तुम्ही मतदान काहीही करा, मला त्याचं सोयरसुतक नाही.

पण ताई, एक मागणं आहे. मी आलो आणि कोणी विचारलं की काय करतोस, तर मी खरं सांगेन. टोमॅटोच्या रोपांवर प्रश्न आले तर मला उत्तरं येत नाहीत, हे एक. दुसरं म्हणजे, मला या नोकरीची लाज वाटत नाही. तुला वाटते, याचं वाईट वाटतं.

गुडघ्याला जप आणि झुकिन्या जरा कमी वाट. आठवण काढत राहा, एवढंच मागतो.

तुझा,
व्हर्लिन

---

लिंडल
५ ऑक्टोबर २०२४

चि. व्हर्लिन यास,
अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण तू तिकडे आहेस, मी इथे आहे. कॅफेत सकाळी दहा वाजता कॉफीचे पैसे कोणी द्यायचे यावर पुरुषमंडळी फासे टाकतात आणि फासे टाकता टाकता गावाचा न्याय करतात. सध्या एकच विषय आहे. ऑर्व्हिल म्हणतो की हे आलं की पोरं बिघडणार, ट्रॅक्टर खड्ड्यात जाणार. बाकीचे माना डोलावतात. आमच्या बायकांच्या मंडळातही तेच. शेजारची लाडोना तर फोन करून करून 'नाही' म्हणा म्हणून सांगते. मलाही तिने वीस नावं दिली आहेत. मी फोन केले. सगळे 'नाही'च म्हणाले, मी 'नाही'च्या बाजूने विचारत होते तर दुसरं काय म्हणणार.

अशा वेळी तू भर पंगतीत उभा राहून सांगणार की मी गांजाच्या दुकानाच्या दारात बसतो. मग माझी सहा वर्षांची रोपवाटिका कुठे जाईल? ज्या बायकांबरोबर मी चाळीस वर्षं ओट्याशी उभी राहिले, त्यांच्यासमोर मी खोटारडी ठरेन. मला ते झेपणार नाही. माझ्या मनाला खोटं बोलल्याचं काही वाटत नाही असं समजू नकोस.

या वर्षी मासा लाडोनाचा नवरा उकळेल. जे होईल ते होईल. तू पुढच्या वर्षी ये, तोपर्यंत हे वारं निघून गेलेलं असेल. वरच्या खोलीचं दार मी लावून ठेवलं आहे, उगाच उष्णता वाया जाते.

रागावू नकोस. आशीर्वाद आहेतच.

आर्डिस

---

हॅरो
१४ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
सा. न.

ठीक आहे, येत नाही. लाडोनाच्या नवऱ्याला सांग, मासा कापडात सैल बांधायचा आणि पाण्यात मीठ आधी घालायचं. भांड्यापासून दूर जायचं नाही, कोणी हाक मारली तरी.

मी रागावलेलो नाही. मला थोडं एकटं वाटतंय, ते आजचं नाही.

व्हर्लिन

---

लिंडल
१० नोव्हेंबर २०२४, रविवार संध्याकाळ

चि. व्हर्लिन यास,
तुझ्या ताईचे अ. आ.

तुझं ते चार ओळींचं पत्र मी फ्रिजवर चुंबकाने लावलं होतं. रोज दूध काढताना वाचलं जायचं. म्हणून आता सगळं क्रमाने सांगते.

मंगळवारी मतदान झालं. मी चर्चच्या तळघरात रांगेत उभी राहिले आणि पडद्याआड गेले. हातात पेन होतं आणि बघायला कोणी नव्हतं. मनात गांजा नव्हता, ट्रॅक्टर नव्हते. मनात आलं ते एवढंच, की इथे हे कायदेशीर झालं तर इथेही एखादं दुकान निघेल, त्यालाही दारावर एक माणूस लागेल, आणि मग कोणाला काही समजावत बसायला नको. मी 'हो'वर खूण केली. बाहेर आले तर ऑर्व्हिल दारात होता. त्याने माझा हात दाबला आणि शाबास म्हणाला.

राज्यात ते पडलं, तू ऐकलं असशील. पण लिंडलचा आकडा कोर्टहाऊसमधून आला तेव्हा कॅफेत फासे हातातच राहिले. जवळजवळ निम्म्या गावाने 'हो' म्हटलं होतं. ज्या गावात प्रत्येक हिरवळीवर 'नाही'ची पाटी, त्या गावाने. तेव्हापासून सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत आहेत. शाळेतल्या नव्या मास्तरीणबाईंवर पहिला आळ आला. त्या एकट्या एवढी मतं कुठून आणणार, हे कोणी विचारलं नाही.

आज प्रार्थनेनंतर तळघरात कॉफीला सगळे होते. ऑर्व्हिल पुन्हा त्या मास्तरीणबाईंवर घसरला. त्या बिचाऱ्या बिस्कीट हातात धरून ऐकत होत्या. मला ते बघवेना. मी कॉफीच्या बंबापाशी उभी होते. चमचे कमी पडताहेत हे ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात सांगितलं, की माझा भाऊ व्हर्लिन रोपवाटिकेत नाही. तो सहा वर्षं कोलोरॅडोत गांजाच्या दुकानात नोकरी करतो, मी तुम्हाला खोटं सांगत होते. मंडळाला चालत असेल तर सात तारखेला मासा तो उकळेल. चालत नसेल तर मासा चमच्याने खायची तयारी ठेवा.

मला वाटलं, आता संपलं. मग ऑर्व्हिल उठला, माझ्याजवळ आला आणि चक्क मऊ आवाजात म्हणाला, की आर्डिस, तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस, व्हर्लिन सज्जन माणूस आहे. दिवसभर त्या दारातल्या निळ्या स्टुलावर बसायचं म्हणजे त्याच्या पाठीचे हाल होत असतील, त्याचीच मला काळजी वाटते.

व्हर्लिन, मी दार म्हटलं नव्हतं. स्टूल म्हटलं नव्हतं. निळं तर नव्हतंच.

ऑर्व्हिलला ते दोन घोट कॉफी पिऊन झाल्यावर कळलं. आधी कान लाल झाले, मग मान. लाडोना आपल्या कपात बघत राहिली. पास्टरने विचारलं की लिंबाच्या वड्या उरल्या आहेत का. उरल्या होत्या. मी ऑर्व्हिलचा कप पुन्हा भरला, दुसरं काय करणार होते. नंतर गाड्यांपाशी लाडोनाने मला गाठलं आणि सांगितलं की तिलाही चार वर्षांपासून ठाऊक आहे. कोणाकडून, म्हणून विचारलं तर म्हणाली, नणंदेकडून. तिला नणंद नाही.

मला भयंकर राग आला आहे, आणि कोणावर ते कळत नाही. सहा वर्षं मी एकटीच खोटं बोलत होते असं समजत होते. त्यांनाही माहीत होतं, फक्त कसं माहीत झालं ते सांगता येत नव्हतं, म्हणून माझ्या रोपवाटिकेला माना डोलावत होते. ऑर्व्हिलने तर एकदा मला विचारलं होतं की व्हर्लिनच्या गुलाबांना कीड लागली का. आणि तुला हे सगळं माहीत होतं. मी तुला येऊ नकोस म्हटलं तेव्हा एक नाव टाकलं असतंस तर माझं तोंड बंद झालं असतं. तू टाकलं नाहीस. त्या चार ओळींत मिठाचं लिहिलंस. हे आठवलं की मला रडू येतं, म्हणून आज दूध दुसऱ्या हाताने काढलं, फ्रिजकडे न बघता.

मंडळाने एकमताने ठरवलं आहे, मासा तूच उकळायचा. वरच्या खोलीचं दार उघडलं आहे आणि हीटर चालू आहे. उष्णता वाया जाऊ दे. लवकर ये.

तुझी वाट बघणारी,
आर्डिस

---

हॅरो
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

सुट्टी मिळाली. चार डिसेंबरला निघतो, हिवाळा संपला की परतायचं का ते तिथे आल्यावर बघू. येताना खिसे रिकामे असतील, तेव्हा कोणी हळूच काही मागवलं तर ऑर्डर घेऊ नकोस. तुझ्या त्या 'हो'वरच्या खुणेबद्दल पत्रात काय लिहायचं ते मला सुचत नाही. समोर बसलो की सांगेन.

कोण येतं, कोण जातं ते मी आजही सांगणार नाही. एवढंच कळवतो, की निळं स्टूल मे महिन्यात मोडलं. तेव्हापासून मला पाठ टेकायची तपकिरी खुर्ची मिळाली आहे. ज्याला अजून निळंच आठवतं, तो बरेच दिवस इकडे फिरकलेला नाही. त्याला एवढी लांब गाडी चालवणं आता जमत नसेल. त्याचे गुडघे कसे आहेत, जरा विचारून ठेव.

बाकी भेटीअंती. तुझी माया आहे तिथेच असू दे, मीच तिच्याकडे येतो.

तुझा,
व्हर्लिन