ताईचं डावं

अमरावती, ता. ५ डिसेंबर १९५९

ती. ताईस खुशालचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

चामडं शिवायची जुनी मशीन परतवाड्याहून आणली. तिची खरी किंमत ऐक: मोटारीच्या दोन खेपा, चेंगरलेला एक अंगठा आणि तुझ्या भावजयीचा, आशाचा, चार दिवसांचा अबोला. आठ दिवस घासलेटात ठेवली तेव्हा कुठं चाक फिरलं. माझे कान तुले ठाऊकच आहेत. आवाजावरून मशीनचं दुखणं सांगतो, मिस्त्री लागत नाही. अडलं ते फक्त दोरा ओवण्यापाशी. भाऊजींची मशीन अशीच होती. तूच ये न इकडे. त्या जिनिंगातल्या कापसाच्या धुळीनं तुझा खोकला वाढून राहिला म्हणे.

रागावलीस तरी माया कमी करू नको.
तुझा खुशाल

अकोला, ता. ११ डिसेंबर

चि. खुशालला अनेक आशीर्वाद.

आशाचं बरोबर आहे. मी असते तर आठ दिवस बोलले नसते. खोकल्याचं निमित्त पुरे. भावाच्या घरी बसून खायले मी येणार नाही, हे ह्यांच्या तेराव्यालाच सांगितलं होतं. आणि मशीनला ह्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. चौदा वर्षं मी नुसतं चामडं धरलं. पाहिलं तेवढं लिहिते. दोरा रिळावरून दोन चकत्यांमधून घे, वरच्या दांड्याच्या भोकातून खाली आण. सुईची खाच डावीकडे ठेव आणि दोराही डावीकडूनच घाल.

वेळेवर जेवत जा.
तुझी ताई

अमरावती, ता. १६ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार वि. वि.

तुझ्या पत्राबरहुकूम केलं. तिसऱ्या टाक्याले दोरा तुटते. खाली खडखड ऐकली आणि ताडलं, आतल्या चाकाचा दाता झिजला. दोनदा मशीन उघडली. आशा म्हणाली, तेल मशीनले नको, तुमच्या कानात घाला. एक दिवस तरी येऊन जा.

लोभ आहेच, तो राहू दे.
खुशाल

अकोला, ता. २१ डिसेंबर

चि. खुशालला आशीर्वाद.

मले बोलवायले तू सोंग करून राहिला असं वाटलं, म्हणून दोन दिवस पत्र लिहिलं नाही. काल जिनिंगात कापूस निवडता निवडता हवेतच दोरा ओवून पाहिला. शेजारच्या माणिकबाईनं विचारलं, कोणत्या देवाले फुलं वाहून राहिली म्हणून. तेव्हा ध्यानात आलं. चामडं धरायला मी ह्यांच्या समोर बसत होते. माझं डावं ते ह्यांचं उजवं. चौदा वर्षं मशीन उलट्या बाजूनं शिकले, आणि शिकले हे कालच कळलं.

सोमवारच्या गाडीनं येते. पाहुणी म्हणून नाही, रोजानं येते. जिनिंगात मिळतो तेवढाच रोज दे. मशीनच्या समोर मला जागा कर.

आशाला आशीर्वाद.
ताई

अमरावती, ता. २४ डिसेंबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार वि. वि.

सुई फिरवली, दोरा उजवीकडून घातला. वीतभर पट्टा एका दमात शिवून निघाला. आशानं न मागता चहा केला. पण एकट्याच्यानं पट्टा वाकडा जाते. समोर धरणारं माणूस पाहिजेच. हे तुझं मन राखायला लिहीत नाही, पट्टा आल्यावर पाहशीलच. रोज कबूल. सोमवारी स्टेशनवर मी स्वतः येतो. तुझ्या जागेसाठी आजच मशीन भिंतीपासून ओढली, माझं स्टूल पलीकडे सरकवलं.

वाट पाहणारा,
खुशाल

ता. क. दाता झिजलेला नाही. खडखड स्टुलाच्या पायाची होती.