मुडावदच्या वाटेवर आबांची इच्छा

॥ श्री ॥

धुळे, मार्गशीर्ष वद्य ४

तीर्थस्वरूप वनामामांच्या चरणी भाचा चुडामण याचा नमस्कार.

सुतक फिटले, म्हणून वर श्री काढला आहे. तुमची बहीण बरी आहे. जेवते, झोपते आणि झुंबर आत्यावर ओरडते, तेव्हा काळजी नसावी. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी पाठवलेली केळी पोचली (निम्मी सुकदेवकाकांनी उभ्या उभ्या खाल्ली, उरलेल्यांना नावे ठेवली).

आबांच्या अस्थी तापीत कशा सोडल्या ते सविस्तर लिही, असे तुम्ही कळवले होते. मला सविस्तर लिहिता येत नाही, पण या खेपेस प्रसंगच लांबला. महिना झाल्यावर मुडावदच्या संगमावर जायचे ठरले, आणि जायचे ते आबांच्याच गाडीतून. ही गाडी नेमीचंद शेठजींनी कंटाळून विकली आणि आबांनी हौसेने घेतली. आबांना गाडीपेक्षा ती बंद पडल्यावर भोवती जमणारी माणसे जास्त आवडत, असे मला वाटते. आईने यायचे नाही असे काका आणि आत्यांनी ठरवले होते. ते ठरवीत होते तोवर ती अस्थींचा गडू मांडीवर घेऊन मागे जाऊन बसली होती.

निघताना आत्यांनी गाडीची पूजा केली. या गाडीची पेट्रोलची टाकी पुढच्या काचेखाली असते आणि तिचे झाकण बाहेर वर दिसते. आत्यांनी ते गाडीचे कपाळ धरले आणि तेलात कालवलेला शेंदूर त्यावर जाड थापला, म्हणजे गाडी मारुतीसारखी पळेल.

सोनगीरपर्यंत पळाली. मग पाय दाबला की अडखळू लागली, उचक्या दिल्या आणि मेली (अशा दिवशी हा शब्द वापरू नये, पण गाडीबद्दल दुसरा येत नाही). मी प्लग पुसले, कार्बुरेटर उघडून जेट फुंकले, तोंडभर पेट्रोल प्यालो. गाडी गप्प. काका मागून म्हणाले, "भाऊनं मन गुतेल शे."

मी म्हटले, दहाव्याला भटजींचे मंत्र संपायच्या आत कावळा शिवला होता.

"त्या कावळाले भूक लागेल व्हती!" काका म्हणाले.

आत्यांना आठवले की आबांची तंबाखूची डबी घरीच राहिली. ती मागून आणून नदीत सोडू, असे त्यांनी गडूकडे पाहून कबूल केले. काकांनी टाकीचे झाकण उघडून पेट्रोल आहे का ते काडी बुडवून पाहिले, झाकण लावले. मी हँडल मारले, आणि गाडी सुरू! आत्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी शाळेत घालवलेला सगळा काळ फुकट गेला.

नरडाण्याच्या अलीकडे पुन्हा तेच. या वेळी काकांनी आत्यांना बोलूच दिले नाही. हात जोडून म्हणाले, "भाऊ, वहिनीनी फिकीर करू नको. ती आते मन्हा घर ऱ्हाई." काकूंचे हात संधिवाताने धरले आहेत आणि काकांच्या दारी दुभत्या म्हशी आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहेच. काकांनी काडी बुडवली, मी हँडल मारले, गाडी सुरू. म्हणजे आबांनी कौल दिला. आईने मांडीवरचा गडू सरळ केला. मलाही आईबद्दल योग्य वेळी बोलायचे होते, पण माझी योग्य वेळ आजवर कधी आलेली नाही.

अस्थी सोडल्या. गडू रिकामा झाल्यावर आईने तो तीनदा धुतला. मला तिथे उभे राहवेना, म्हणून मी गाडी पुसायला गेलो. शेंदूर खरवडताना झाकणाला बारीक भोक दिसले. तेच बुजले होते. टाकीत हवा जायची नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरायचे नाही. काका काडी घालायला झाकण उघडत तेव्हा हवा जायची. बाभळीच्या काट्याने मी भोक मोकळे केले आणि ही गोष्ट फक्त आईला सांगितली. ती म्हणाली, मागे धक्के बसतात, येताना मी पुढे बसते.

परतताना गाडी छान चालली, आणि माळावर, जिथे झाडही नाही, तिथे अडखळून बंद पडली. मी चकित झालो. काकांनी काडी बुडवली. काही नाही. आत्यांनी डबीबरोबर घरात उरलेल्या तंबाखूचेही कबूल केले. काही नाही. काकांनी वहिनीला सांभाळीन असे पुन्हा मोठ्याने सांगितले, आबांना कमी ऐकू येत असे म्हणून. काही नाही. तेव्हा आई समोर बघत आबांच्या वतीने म्हणाली, "त्या म्हनतस, तानू, तू आपलं घर सोडीसन कोठे बी जाऊ नको."

ऊन चढले होते. काका म्हणाले, "ऱ्हाय वहिनी, तुन्हा घरमाच ऱ्हाय. पन आते भाऊले सांग, आम्हले घर पोचाड!"

गाडी पहिल्या हँडलला सुरू झाली. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
चुडामण

ता. क. पेट्रोल बंद करण्याची एक चावी आत, डाव्या बाजूला, पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यापाशी असते. माळावर मी खाली वाकलो तेव्हा आईचा हात तिच्यावर होता. मी पुन्हा सरळ बसलो.

ता. क. दुसरा. पत्र खरे तर यासाठीच लिहितो आहे. येत्या रविवारी मी आईला तुमच्याकडे आणतो. परतताना तुम्ही आमच्याबरोबर जळगावला माझ्या खोलीपर्यंत या आणि कृपा करून पुढे तुम्ही बसा. तिला माझ्याकडेच ठेवून घ्यावे असे माझ्या मनात आहे. खानावळीतले वरण आता माझ्याने गिळवत नाही, आणि संध्याकाळी खोलीत फार शांत असते.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करण्याआधी पत्र आईला वाचून दाखवावे लागले. ती म्हणाली, "बठ्ठा जन त्यासले इचारतस. माले कोनी इचारं का?" मी तिथल्या तिथे विचारले. ती नाही म्हणाली. तेव्हा रविवारी तुम्ही कुठेही बसा.