जिजी, बरं शे ना

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

परत तीच सूचना. सकाळी फोन हातात घेतला की आधी हीच — 'नवीन अपडेट तयार आहे. आता इन्स्टॉल करा.' खाली बारीक अक्षरांत 'नंतर'. मी 'नंतर' दाबलं. नवनीतही हेच दाबायचे. फोन त्यांचाच आहे. माझा जुना मी, ते गेल्यावर काही महिन्यांनी, कपाटात ठेवून दिला.

पण आज एक नवी ओळ होती — या महिन्यानंतर मेसेजचं ॲप या फोनवर चालणार नाही, आधी अपडेट करून घ्या.

म्हणजे जिजींना मेसेज जाणार नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला, ललितलाही नाही. इथे लिहिते.

जिजी म्हणजे धनुबाई, नवनीतची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा झाल्या, मुलाला घेऊन प्रकाशाला माहेरी परत आल्या. आम्ही नोकरीपायी नंदुरबारला, त्यामुळे घर आणि तापीकाठचं शेत त्यांनीच सांभाळलं. आता मुलगा उखा करतो. जिजींना कानाने कमी ऐकू येतं, फोनवर बोललेलं कळत नाही. म्हणून नवनीत रोज सकाळी लिहायचे आणि उखाची बायको मयूरी ते त्यांच्या कानाशी मोठ्याने वाचायची. रोज तेच — 'जिजी, बरं शे ना? जेवनी का?'

उत्तर बोललेलं यायचं, जिजींच्या खरखरीत आवाजात — 'बरं शे रे भाऊ. आते जेवस.'

ते गेल्यावर बरेच दिवस मी या फोनला हात लावला नव्हता. मग एकदा उघडला. मेसेजमध्ये सगळ्यांत वर जिजी. काय मनात आलं कोण जाणे, 'जिजी' एवढं लिहिलं. अक्षरांच्या वर ती तीन शब्दांची पट्टी असते ना, पुढचा शब्द सुचवणारी — तिथे 'बरं' आलं. त्यावर बोट ठेवलं तर 'शे'. मग 'ना'. मग 'जेवनी'. मग 'का'. मी काहीच लिहिलं नाही. बोट ठेवत गेले फक्त. बोलले ते.

पाठवलं. थोड्या वेळाने जिजींचा आवाज — 'बरं शे रे भाऊ.'

रे. म्हणजे मला नाही, त्यांना.

तेव्हापासून रोज सकाळी, चहाच्या आधी, हेच. दिवाळीला भेटलो, शेजारी बसून करंज्या केल्या. यावर दोघी एक अक्षर बोललो नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वारा आज मिरची वाळत घालतात त्या पथारींकडून आहे. खिडक्या लावल्या तरी घशात ठसका.

कालचंच डोक्यात आहे. त्या पट्टीवर ते अजून किती ठिकाणी आहेत! 'मन्हा' लिहिलं की 'चष्मा' येतं, कारण ऑफिसला पोचल्यावर त्यांचा पहिला मेसेज हाच — मन्हा चष्मा घर ऱ्हायना, माझा चष्मा घरी राहिला. एकदा मी 'चारू' लिहून पाहिलं. मला चारू म्हणणारं आता फारसं कोणी उरलं नाही. पट्टीवर 'दार'. मग 'उघड'. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन यायचे, बेल वाजवायला हात मोकळा नाही, म्हणून जिन्याखालूनच मेसेज करून ठेवायचे.

मी उठून दार उघडलं. शेजारची मांजर आत आली.

फोनला सुरुवातीला अहिराणी येत नव्हती. तो 'शे'चं 'शेत' करायचा, प्रत्येक वेळी. नवनीत न चिडता पुसून पुन्हा लिहायचे. म्हणायचे, 'शिकी जाई. तुले नही शिकाडं का?'

मला कुठे शिकवलं? समजतं सगळं, बोलत नाही. वडील रेल्वेत, नवापूरला. मी लहानपणापासून धुळ्याला, कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात. सिस्टर ॲग्नेस रोज संध्याकाळी वहीत दिवस लिहायला लावायच्या, स्वच्छ अक्षरात, शुद्ध भाषेत. ही सवय त्यांचीच. 'आहे' जिभेवर असं बसलं की लग्नानंतरही हललं नाही. नवनीत चिडवायचे — 'एक व्हई तर शे, जास्ती व्हतीन तर शेतस. इतलंच तर शे. हाई तुन्ही सिस्टरनी शिकाडं नही का?'

मी म्हणायचे, शिकवलं असतं तर तुम्ही मला काय शिकवलं असतं?

१५ नोव्हेंबर, शनिवार

कॉलनीच्या देवळापाशी आज सगळ्यांचा विषय अपडेटच. शेजारच्या ममताच्या फोनवरची सगळी चित्रं गोल झाली, तिला बँकेचं सापडेना. रमिलाबाईंच्या फोनची रिंगच बदलली. 'मी सैपाकघरमा, फोन वाजी ऱ्हायना, माले वाटनं शेजारना शे. पोऱ्या तिकडून चिडना — आई, मरी गई का काय!'

भाईदासभाऊ नवनीतचे ऑफिसातले सोबती. ते म्हणाले, 'मी नंतर दाबस. दोन साल व्हयनात. मन्हा फोननी आते इचारनंच सोडी दिन्हं.'

'तुमले कोन मेसेज करस, भाऊ?' रमिलाबाई म्हणाल्या. सगळे हसले. तेही हसले.

मी ममताला विचारलं, अपडेटने जुनं काही जातं का? ती म्हणाली, 'फोटो नाही जात, काकू. नंबर नाही जात.'

शब्द जातात का, असं कसं विचारणार?

१६ नोव्हेंबर, रविवार

ललितचा सुरतहून फोन. त्यालाच विचारलं, आडून आडून. 'काही जात नाही गं आई. उलट फोन हलका होतो. उद्या संध्याकाळी लाव, मी फोनवर थांबतो.'

नाही केलं तर महिनाअखेरीस मेसेज बंद. केलं तर... काही जात नाही म्हणतो. इंजिनिअर आहे, त्याला माहीत असणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी जिजींना मेसेज केला. जिजी, बरं, शे, ना, जेवनी, का. एकेका शब्दावर बोट जरा जास्त वेळ ठेवलं.

संध्याकाळी चार्जरला लावला. ललित ममताच्या फोनवर. 'दाबलंस? आता हात लावू नकोस.' काळा पडदा, मध्ये पांढरी रेघ, हळूहळू भरत जाते. दवाखान्यात नवनीतच्या उशाशी अशीच एक हिरवी रेघ होती. तिच्याकडे बघत बसायची सवय मला तेव्हापासूनची.

रेघ भरली. फोन चालू झाला. 'झालं की नाही?' ललित म्हणाला. 'उगाच घाबरत होतीस.'

फोटो आहेत. नंबर आहेत. उद्या सकाळी बघू.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

'जिजी' लिहिलं. पट्टीवर — 'आणि', 'आहे', 'च्या'.

पुसलं. परत लिहिलं. 'आणि', 'आहे', 'च्या'.

'मन्हा'खाली लाल रेघ आली. 'चारू'पुढे 'शी'.

ललितला फोन केला. आता सगळं सांगावंच लागलं. तो म्हणाला, 'आई, जुना कीबोर्ड काढून टाकलाय त्यांनी. नवीन दिलाय. शब्द त्या जुन्यातच होते.'

'परत आणता येतील?'

'बघतो.'

त्याच्या 'बघतो'मधला 'नाही' मला कळतो. फोन ठेवता ठेवता म्हणाला, 'आधी सांगायचं ना गं.' त्याचेही वडीलच ते.

जिजींना मेसेज केला नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नाही केला. चहा आधी घेतला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मी स्वतः लिहू शकते, हे का मला कळत नाही? 'जिजी'पुढे पाचच शब्द आहेत. पण ते मी लिहिलेले होतील. जिजी 'रे भाऊ' म्हणतील आणि ते खोटं असेल. आजवर खोटं नव्हतं. आजवर मी फक्त फोन धरत होते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी मयूरीचा फोन. मागे पंप चालू असल्याचा आवाज, ती ओरडूनच बोलत होती.

'मामी, तब्येत बरी शे ना तुमनी? मेसेज नही ऊना तीन-चार दिन. माय जेवन कराले बसत नही. ताट वाढं तर सरकाडी देस. म्हनस, भाऊनी इचारं नही आजून.'

'अगं, मग अजिबातच खाल्लं नाही?'

'दुपार टळनी का दोन घास खास. पन रोज चिडस. माले म्हनस, तू वाचत नही नीट, मेसेज येस आनि तू दपाडी ठेवस.' हसली, पण काळजीने. 'मामी, काय बी लिखा. मी वाची देसू.'

फोन ठेवला. चष्मा शोधायलाही थांबले नाही. 'जिजी, बरं शे ना? जेवनी का?' — एकेक अक्षर स्वतः दाबून लिहिलं आणि पाठवलं. मग चष्मा लावून पाहिलं.

'जिजी, बरं शेत ना? जेवणी का?'

शेत! त्याने केलंच शेत. आणि 'जेवनी'तल्या 'न'चा 'ण' करून ठेवला — सिस्टर ॲग्नेसनीही अगदी असाच केला असता. पुसणार तोवर खाली निळ्या खुणा. मयूरीने वाचलंसुद्धा.

दुपारपर्यंत उत्तर नाही. मीही ताट वाढून घेतलं नाही.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ

जिजींचा आवाज आला. इतकं लांब त्या कधी बोलल्या नव्हत्या. परत परत ऐकून इथे उतरवते —

'शेत बरं शे वं. कापूस फुटना शे, पांढरं व्हई गयं बठ्ठं. बांधवरनी चिच बी लागनी शे औंदा. पन तू काबर इचारं आज? भाऊ गया तठपाईन शेतनं कोनीच इचारं नही माले. तू तर कधी बांधवर पाय बी ठेवा नही. ये ना मंग. देखी जाय. आनि हा, जेवनू मी. मयूरीले सांगू नको, तिन्हा वरननं मीठ कमी शे.'

वं.

रे नाही. वं. बाईला म्हणतात ते. मला.

म्हणजे मी लिहिलं हे त्यांना एका शब्दात कळलं. मेसेजमध्ये नवनीतनी शेताबद्दल कधी विचारलं नसेल. त्यांना शेत माहीतच होतं, त्यांना जिजी कशा आहेत ते हवं असायचं.

आणि मला खरंच माहीत नाही ते शेत. दिवाळी, लग्नं, बारसी — प्रकाशाला घरापर्यंतच गेले. नवनीत पहाटे एकटे शेतावर जाऊन यायचे, चपलांना काळी माती. मी ती अंगणात धुवायचे. कुठून येते ती माती, हे पाहिलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी पुन्हा लिहिलं. चष्मा लावून. 'शे' लिहिलं की शेत, पुसलं, शे, पुन्हा शेत. पुसायचं आणि पुन्हा लिहायचं, न चिडता. जमलं शेवटी — 'जिजी, बरं शे ना? मी येस.'

'येस' बरोबर आहे का ते नक्की माहीत नव्हतं. मयूरीचा मेसेज आला — 'मामी, येसू लिखतस 😄 पन समजनं. माय म्हने, जेवाले ये.'

येसू. मी येसू.

जिजींना विचारणारं आता दुसरं कोणी नाही. आणि त्या पट्टीत ते होते असं मी समजत होते. शब्द होते ते. ज्या बाईसाठी ते लिहायचे, ती तर तिथेच आहे, ताट सरकवून वाट पाहत.

हे लिहिताना रडू आलं. अक्षर बिघडलं. राहू दे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ललितचा फोन. 'कोणाकोणाला विचारलं आई, नाही मिळत परत. सॉरी.'

मी म्हटलं, असू दे रे. शुक्रवारी प्रकाशाला जाते आहे.

'का? काय झालं?'

'शेत बघायला.'

त्याला काही कळलं नाही. 'बरं, जपून जा,' म्हणाला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. प्रकाशा

बांधावर बसून लिहिते आहे. जिजी शेजारी. कापूस वेचता येत नाही म्हणून मला बाजूला बसवलं आहे — 'तू लिखं. ते येस तुले.' पायाला माती लागली आहे, काळी, तीच.

मघाशी ललितला मेसेज केला — 'मी शेतमा शे.' फोनने काहीही बदललं नाही.

त्याचं लगेच उत्तर — 'आई!! पप्पांचे शब्द परत आले का?'

मी लिहिलं — 'नही रे. मन्हा शेतस.'