हौदाचं कुलूप

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार
हौद — ४६ बोटं.

पाच बोटं उतरला! काल नळ आले, हौद ५१ पर्यंत भरला. आज संध्याकाळी काठी बुडवली तर ४६. दोन माणसांचं घर. मी मोजून आंघोळ करतो, सौदामिनी मोजून भांडी घासते. आम्हाला दिवसाला तीन बोटं पुरतात. आयुष्यभर गणित शिकवलंय, माझी वजाबाकी चुकत नाही. मग रोजची दोन बोटं जातात कुठे?

हौदाला कुलूप आहे. रेल्वेनं लातुरात पाणी आलं त्या उन्हाळ्यात घातलेलं. किल्ली तेव्हापासून माझ्या करदोट्याला.

संशय एकाच माणसाचा — भिंतीपलीकडचा शंकरप्पा. भिंतीलगतचं त्याचं लिंबाचं झाड भर मे महिन्यात हिरवंगार असतं. उगाच?

३ फेब्रुवारी, मंगळवार
हौद — ४१. पुन्हा पाच!

देविकाला नांदेडला फोन केला. लेक म्हणाली — 'बाबा, भांडण नका काढू. आधी नळाची तपासणी करून घ्या. आमच्याकडे केली होती. यंत्रं घेऊन येतात, उगाच फोडाफोडी करत नाहीत.' तोच माणूस शुक्रवारी पाठवते म्हणाली. रामलिंग नाव.

सौदामिनीला सांगितलं तर म्हणते, 'कशाला? नळाचे वायसर बदला, झालं.' तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला घालणारी बाई! नवल वाटलं.

४ फेब्रुवारी, बुधवार
हौद — ३६.

सकाळी शंकरप्पाची नात पुनम गल्लीत भेटली. वाकून 'नमस्कार आजोबा'. दिसेल तेव्हा करते. कुणी शिकवलं असेल? तिचा स्वतःचा आजोबा दहा वर्षं माझ्याशी बोलत नाही. समोर आला की मान खाली घालून जातो. त्या उन्हाळ्यात त्याची सून बाळंत झाली — ही पुनम तेव्हाचीच — आणि तो चार घागरी पाणी मागायला आला होता. मी म्हणालो, हौदाचा तळ दिसतोय.

दिसत नव्हता. बावीस बोटं होता. पण उद्याचं कुणी पाहिलं होतं? आणि मागणाऱ्यानंच रुसायचं म्हणजे कमाल झाली.

५ फेब्रुवारी, गुरुवार
हौद — ३१.

महापालिकेला अर्ज लिहून ठेवला. 'शेजारी श्री. शंकरप्पा हे माझ्या नळजोडणीतून चोरून पाणी घेत असल्याचे' — पुढे पुराव्यासाठी चार ओळी मोकळ्या. तपासणीचा कागद हाती आला की सोमवारी देऊन टाकणार. सौदामिनीला मोठ्यानं वाचून दाखवला. लसूण सोलत होती. सोलतच राहिली. रात्री पानात लिंबाचं लोणचं मात्र दोन फोडी जास्त वाढलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
हौद — २६.

रामलिंग बरोबर दहाला आला. मला वाटलं होतं पान्हा आणि हातोडा घेऊन येईल. यानं पेटी उघडली तर डॉक्टरची वाटावी! आधी नुसता घरभर हिंडला. पाईप कुठले, किती जुने, भिंतीला ओल कुठे — सगळं विचारून लिहून घेतलं. विद्यार्थी म्हणून मला आवडला असता.

मग नळाला काट्याचं यंत्र लावून पाण्याचा दाब बघितला. फ्लशच्या टाकीत निळा रंग टाकला — खाली भांड्यात निळं उतरलं तर तिथं गळती. नाही उतरलं. मोरीच्या पाईपात बारीक कॅमेरा सोडला. मोबाईलवर आमच्या घराची आतडी दिसली! केस, साबणाचा गाळ आणि देविकाच्या लग्नात हरवलेला चमचा. तेव्हा मी तो आचाऱ्यावर ढकलला होता.

शेवटी सगळे नळ बंद करायला लावले, गच्चीवरच्या टाकीत खूण केली आणि तासभर थांबायचं म्हणाला. तासानं खुणेखाली पाणी. 'मास्तर, गळती हाय. कुठं हाय ते बघून राहिलो.' कानाला यंत्र लावून फरशीवर नळी ठेवत ठेवत स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात गेला.

सौदामिनी धुण्याच्या दगडावर बसलेली. सकाळपासून तिथंच! धुणं नाही, निवडणं नाही, नुसती बसलेली. रामलिंगनं तिच्या पायापाशी नळी टेकवली, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, 'काकू, जरा उठता का?'

'गुडघा धरलाय रे,' ती म्हणाली.

शेवटी उठली. दगड सरकवला. खाली वीतभर खड्डा, खड्ड्यात गंजलेला व्हॉल्व्ह, आणि त्यातून एक पाईप भिंतीखालून थेट शंकरप्पाकडे!

'सापडला चोर!' मी ओरडलोच. 'लिहा, कागदावर लिहा!'

रामलिंग हसला. 'मास्तर, चोर आपली चावी तुमच्या अंगणात कशाला ठेवील? पाणी सोडायचं का न्हाई, ते ह्या बाजूनं ठरतंय. अन् त्या हौदाच्या कुलपाचा काय उपेग? पाणी तर मोटारीनं वर जातंय, अन् वरून हितं येतंय.'

मी सौदामिनीकडे पाहिलं. ती चहा टाकायला आत गेली.

रामलिंगनं व्हॉल्व्ह तात्पुरता आवळला. पाईप कापून बूच मारायचं का नवा व्हॉल्व्ह टाकायचा, ते सोमवारी सांगा म्हणाला.

७ फेब्रुवारी, शनिवार
हौद — २३. तीनच बोटं. वजाबाकी जुळली.

सकाळी तिनं आपणहून सांगितलं. 'हो. मीच बसवून घेतला. तुम्ही आठ दिवस नांदेडला पेपर तपासायला गेला होतात तेव्हा. ओली बाळंतीण, अंगावर पिणारं मूल — आणि आपल्या हौदाला कुलूप! पाऊस पडल्यावर बंद केला होता. आता झिजला असेल.'

मी म्हणालो, शक्य नाही. त्या वर्षी मी रोज मोजत होतो. एक बोट इकडचं तिकडे झालं नव्हतं.

'होईल कसं? माझ्याच वाटणीचं द्यायचे. चार दिवसांतून एकदा आंघोळ करत होते मी. तुमच्या वजाबाकीत ते कुठे येतं?'

त्या उन्हाळ्यात तिला अंगभर घामोळं आलं होतं. मी पावडर आणून दिली होती, आणि स्वतःला फार काळजीवाहू समजलो होतो. लाज वाटली. दिवसभर वाटत राहिली.

संध्याकाळी विचारलं, लोणच्याची लिंबं कुठली गं? म्हणाली, 'गुरम्मा पाठवते. शंकरप्पाची बायको. दर वर्षी, भिंतीवरून.'

म्हणजे दहा वर्षं मी त्याच झाडाचं खातोय. आणि काय चवीनं!

८ फेब्रुवारी, रविवार
अर्ज फाडला. शंकरप्पाकडे गेलो.

त्यानं पळत जाऊन खुर्ची आणली. 'पुनम, पाणी आण, मास्तर आलेत!' मी तोंड उघडायच्या आत त्याचेच डोळे भरले. 'मास्तर, दहा वर्सं तुमच्यापाशी चकार शब्द काढला न्हाई बगा. बाईंनी तवाच सांगितलं होतं — पाईप मास्तरांनीच दिलाय, पर त्यांना बोलून दाखिवलेलं आवडत न्हाई. म्या शब्द पाळला. पोरीला तेवढं शिकिवलं, ते दिसले की वाकायचं.'

पाणी प्यालो. मग खरं काय ते सगळं सांगितलं.

त्यानं माझा रिकामा पेला पुनमच्या हाती दिला. मग म्हणाला, 'असू द्या मास्तर. पाणी तर तुमच्याच घरचं की वो.'

घरी येऊन रामलिंगला फोन केला — पाईप राहू दे, व्हॉल्व्ह नवा टाक. कुलूप काढलं.

हौद — मोजला नाही.