आबांच्या भिंतीवरचं कापड

२ मार्च, सोमवार

खळ पातळ झाली. कापड भिंतीवरून घसरलं ते सरळ माझ्या डोक्यावर. आबांच्या बाहेरच्या खोलीत मी भुतासारखी उभी — अंगावर ओलं कापड, नाकात कॉर्नफ्लोअर! बरं झालं बघायला कोणी नव्हतं.

खरं तर काम सोपं आहे. कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवायचं, उकळत्या पाण्यात सोडायचं, दाट होईपर्यंत ढवळायचं. निवलं की भिंतीला ब्रशने लावायचं, वर कापड बसवायचं, कापडावरून पुन्हा खळ. वाळलं की नवा रंग दिल्यासारखी भिंत दिसते. कंटाळा आला तर स्पंजने भिजवायचं, अख्खं कापड सोलून निघतं. खिळा नाही, विकतचा गोंद नाही. कापडही फुकटच — मी शिवणकाम करते त्या दुकानात पडदे शिवून उरलेला तागा मालकीणबाईंनी देऊन टाकला. फिकट हिरवी पानं.

घर सजवायचं ही दादाची कल्पना. आई गेल्यापासून आबा इथे एकटेच; हिवाळ्यात न्हाणीघरात पडले, खुबा मोडला, तेव्हापासून ते दादाकडे, त्याच्या शहरात. परवा दादाचा फोन. महिनाअखेर आबा परत येतायत. इतके दिवस बंद असलेलं घर बघून त्यांचं मन खचेल, तर तू जरा जीव ओत त्यात, तुझ्या हातात कला आहे. खर्च फार नको. आणि त्यांना बोलू नकोस, अचानक बघू देत.

दादा कधी माझ्या हाताचं कौतुक करत नाही. संध्याकाळपर्यंत मी उगाचच गुणगुणत होते.

ही हिरवी पानं न्हाणीघराकडच्या भिंतीला. तिथे ओलीचा मोठा तपकिरी डाग आहे. दादा म्हणाला, प्लंबर येऊन गेला, नळी बदलली, आता नुसता डाग उरलाय. मग झाकायला हरकत नाही.

४ मार्च, बुधवार

खळ जमली. दाट, कढीला लाजवेल अशी. भिंत झाली!

८ मार्च, रविवार

आजचा पूर्ण दिवस आबांच्या घरी. फळवाल्याकडून दोन लाकडी खोकी आणली, घासून काढली, भिंतीला टांगली — पुस्तकांना फडताळ. खुर्च्यांच्या बैठकी उसवून आत नवा काथ्या भरला, वर दादाच्या कॉलेजातल्या जुन्या कोटाचं कापड. जाड आहे, आबांना टोचणार नाही. जॅमच्या बाटल्यांना तारेचं कडं करून खिडकीत अडकवल्या. ऊन आलं की जमिनीवर गोल गोल उजेड पडतो.

सगळ्यात मनासारखी झाली ती दोरी. फाटक्या चादरींच्या पट्ट्या काढल्या, तिपेडी वेणी घातली, मनगटाएवढी जाड. पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत भिंतीतल्या मोठ्या हुकांतून ओवली. आबांनी उठायचं, दोरी धरायची, चालायचं. मी स्वतः लोंबकळून बघितलं. पक्की आहे.

नेहमीप्रमाणे आबांशी फोनवर बोलले.

"आज काय केलंस?"

"काही नाही. घरीच होते."

मग म्हणाले, बरं, विश्रांती घेत जा. मला हसू आवरेना. खोटं बोलताना माझा आवाज चढतो, त्यांना कळलं असणार काहीतरी.

११ मार्च, बुधवार

दादाला व्हिडिओवर घर दाखवलं. खूश झाला. पण दोरी काढ म्हणाला, दवाखान्यासारखं वाटतंय. मी विचारलं, मग आबा धरणार काय? काठी आहे ना त्यांना, म्हणाला. आणि आईचा फोटोही उतरव, भिंत मोकळी बरी दिसते.

आईचा फोटो! आबा सकाळी उठल्यावर आधी तिच्याशी बोलतात. तेच तर, म्हणाला, सारखी आठवण नको. एखादे वेळी त्याचंही खरं असेल. आबांसोबत सध्या तोच आहे, मी नाही.

फोटो कपाटात ठेवला. दोरी काढली. हुक मात्र ठेवले, भिंतीत खळगे दिसले असते.

१५ मार्च, रविवार

पडदे. मला पिवळे हवे होते, झगझगीत, आबांची नजर अधू झालीय म्हणून. दादा म्हणाला फिकट ठेव, फिकट सगळ्यांना आवडतं. सगळे म्हणजे कोण? घरात माणूस एकच.

साय रंगाचे शिवले. खाली चार बोटं पिवळी पट्टी लावलीच. तेवढं माझं.

१८ मार्च, बुधवार

दादाला फोटो हवेत. दिवसाउजेडी, दिवे लावून, प्रत्येक खोली कोपऱ्यातून. आबांना थोडे थोडे दाखवीन म्हणाला, म्हणजे त्यांना हुरूप येईल. परवापर्यंत "अचानक बघू देत" होतं!

न्हाणीघराचासुद्धा फोटो मागितला. काढला आणि पाठवला. मी कशी आहे ना — कोणी "कधीपर्यंत देतेस?" विचारलं की आधी तारीख सांगते, काम कशासाठी ते नंतर विचारते. दुकानात तीस वर्षं हेच चाललंय.

२२ मार्च, रविवार

सकाळी आबांच्या घरी गेले, उशांचे अभ्रे घेऊन. दार उघडं. आत एक चष्मेवाली बाई टेपने भिंत मोजत होती, न्हाणीघराकडचीच, आणि एक माणूस वहीत आकडे लिहून घेत होता. त्याच्याकडे किल्ली होती. मला वाटलं चुकीच्या जिन्याने वर आले.

बाई हसली. म्हणाली, "तुम्हीच का सजावट करणाऱ्या? फारच सुरेख केलंय. जाहिरातीत पहिला फोटो याच भिंतीचा होता. आम्ही ह्या भिंतीसाठीच बघायला आलो."

जाहिरातीत.

तो माणूस घरं विकून देणारा एजंट. त्याने मोबाईलवर दाखवलं. माझी खोकी, माझ्या बाटल्या, गोल गोल उजेड, पडद्याची पिवळी पट्टी. वर लिहिलेलं — हवेशीर, नव्याने सजवलेलं, राहायला तयार.

बाईने कापडावर हात फिरवला. ओल वगैरे नाही ना, तिच्या आईला दमा आहे, तिला घेऊन राहायचंय. एजंट म्हणाला छे छे, ठणठणीत कोरडं. मलाही दादाने तसंच सांगितलंय.

पडदे इथेच राहणार ना, असंही विचारलं तिने. मी अभ्रे छातीशी धरून खाली उतरले.

२३ मार्च, सोमवार

दादाला फोन. सगळं आठवेल तसं लिहून ठेवते, उद्या त्याच्या बाजूने बोलायला लागले तर वाचायला.

म्हणाला, सांगणारच होतो.

"कधी?"

"सगळं उरकल्यावर."

"आणि मला राबवलंस ते?"

"आधी सांगितलं असतं तर तू एक टाका तरी घातला असतास का? तुला ओळखत नाही मी?"

ओळखतो. तेच तर. कुठे दाबलं की मी कामाला लागते, त्याला नेमकं ठाऊक. "तुझ्या हातात कला आहे" — एवढं पुरलं. त्याच्या घरी जेवायला गेले तर वहिनी मला शिवायला उसवलेले कपडे काढून ठेवते, हसत हसत, "ताई, आलाच आहात तर." मी कधी नाही म्हटलं नाही. आता घरच काढून ठेवलं.

आबांना माहीत आहे का विचारलं. सही केलीय म्हणाला. आबा चष्मा लावल्याशिवाय कशावरही सही करतात, पूर्वी एकदा शेजाऱ्यांच्या मांजराविरुद्धच्या तक्रारीवर केली होती, आणि मांजर त्यांचंच लाडकं! मी म्हटलं, फोन दे त्यांना. तर म्हणाला, आत्ता झोपलेत.

आबांना आपलं घर हवंय. दुसरं कोणी नाही त्यांच्या बाजूने. मीच आहे.

२४ मार्च, मंगळवार

आबांना फोन. वहिनीने उचलला — झोपलेत. दुपारी परत — अजून झोपलेत. संध्याकाळी — आत्ताच डोळा लागलाय, ताई. एवढी झोप लहान मूलही घेत नाही. माझ्याशी बोलू देत नाहीत त्यांना.

२५ मार्च, बुधवार

दुकानातून मधेच सुटले, आबांच्या घरी गेले. भिंतीला हात लावला. गार. खालच्या बाजूला पानांमधून पिवळं कडं उमटलंय. नाक जवळ नेलं तर कुबट वास.

कोपऱ्यावरच्या प्लंबरकडे गेले, आबा नेहमी त्यालाच बोलावतात. आबांच्या घरची नळी कधी बदलली विचारलं. त्याला कळेचना. म्हणाला, "कोणी बोलावलंच नाही, ताई. मी ते घर वर्षभरात बघितलं नाही."

म्हणजे हेही. नळी गळतेच आहे, आणि त्यावर मी खळीचं कापड लावलं. खळ म्हणजे बुरशीला आयतं जेवण. ओल्या दिवसांत खळीचे कपडे घडी घालू नयेत, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. आणि दादा म्हणाला "कोरडं आहे" तेव्हा भिंतीला साधा तळवा लावून बघितला नाही. परक्या माणसाचं असं ऐकलं नसतं.

२९ मार्च, रविवार

चष्मेवाली आज आईला घर दाखवायला येणार, एजंटकडून काढून घेतलं होतं. मी आधीच जाऊन बसले. बादली, स्पंज, जुना टॉवेल.

ती आली. आई मागोमाग, प्रत्येक पायरीला थांबत. एजंट म्हणाला, अरे वा, ताई आल्यात, शेवटचा हात फिरवायला का? मी म्हटलं हो. स्पंज बुडवला आणि भिंतीवर वरपासून पाणी सोडलं. कापडाचा कोपरा धरला आणि ओढला. एका दमात निघालं, चांगलं लावलं होतं मी. पानांची मागची बाजू काळ्या ठिपक्यांनी भरलेली. भिंतीचा डाग पूर्वीपेक्षा दुप्पट.

आई पदर नाकाला लावून बाहेर गेली. एजंट खर्चाच्या, रंगाच्या, किरकोळ दुरुस्तीच्या गोष्टी करायला लागला. बाईने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"घर तुमचंच आहे ना?" तिने मला विचारलं.

"वडिलांचं."

"मग का दाखवलंत?"

"तुमच्या आईला दमा आहे म्हणून."

ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की मला व्यवहार मोडायचा होता. दादाचा डाव माझ्याच हाताने शिवला गेला होता, माझ्याच हाताने उसवायचा होता. ती थँक्यू म्हणाली, मला ते नीट घेता आलं नाही.

सगळे गेल्यावर मी दोरी परत ओवली. आईचा फोटो जागेवर लावला. पडदे काढणार होते, नाही काढले. आबा येतील तेव्हा उजेड हवा.

परतताना ताठ चालत होते. बऱ्याच दिवसांनी.

३० मार्च, सोमवार

दादाचा फोन. ओरडेल वाटलं होतं. नाही ओरडला. झालं समाधान? म्हणाला. चष्मेवालीने नकार कळवलाय.

मी प्लंबरचं काढलं. राहून गेलं, म्हणाला. राहून गेलं! एका म्हाताऱ्या बाईला त्या भिंतीशेजारी झोपवणार होतास, म्हटलं. ते चुकलं, म्हणाला. तेवढं तरी त्याला लागलं.

मग म्हणाला, "आबांना विचार तू एकदा."

"विचारू देतोस का?"

म्हणाला, मी शब्द दिलाय, मला सांगता येत नाही. कोणाला दिलाय शब्द? एजंटला? मी फोन ठेवला.

आता ह्या माणसाचं काहीही खरं धरायचं नाही.

२ एप्रिल, गुरुवार

आबांचा फोन. स्वतः लावलेला.

घर त्यांनीच विकायला काढलं. मला सांगायचं नाही हा शब्दही दादाकडून त्यांनीच घेतला. मी फोन केले तेव्हा झोपलेले नव्हते, माझा आवाज ऐकायचं टाळत होते. म्हणाले, "तू परत चला म्हणाली असतीस तर मला नाही म्हणता आलं नसतं. पडलो त्या दिवशी सकाळपासून दिवे लागेपर्यंत हाका मारत होतो गं. मला नाही जायचं तिथे."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

फोटो बघितले म्हणाले, फार छान केलंस. मग — "त्या बाई परत येतील का गं?"

म्हटलं, आधी प्लंबरला बोलावते.